स्टोव्हपासून डिपॉझिटपर्यंत

१९९७ साली बेंगळुरू शहरात बायकांच्या अनैसर्गिक मृत्यूंची पोलिसांकडे नोंद झाली १,१३३. त्यांतले खून म्हणून धरले गेले १५७. आत्महत्या ५४६. उरलेले ४३० ‘अपघात’, आणि त्यांतल्या बहुतेकांचं खापर एकाच वस्तूवर फुटलं होतं : रॉकेलचा स्टोव्ह. स्वयंपाक करताना भडका उडाला, पदर पेटला, फाईल बंद. पुढच्या वर्षी एकूण आकडा १,२४८ वर गेला.

त्याच बनावटीच्या स्टोव्हवर खानावळीतले आचारी रांधत होते, एकटे राहणारे विद्यार्थी चहा करत होते, सासवाही दूध तापवत होत्या. मग भाजायच्या त्या नेमक्या नव्यानं लग्न झालेल्या सुनाच कशा? इतकी उघड शंका सरकारी कागदाला पडली नाही. ती लावून धरली ‘विमोचना’ या संघटनेनं. तिच्या कार्यकर्त्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या जळीत वॉर्डात जाऊ लागल्या. खाटेशी बसायचं, बोलता येत असेल तिच्याशी बोलायचं, नातेवाइकांना भेटायचं, मग पोलीस ठाण्यातला पंचनामा काढून दोन्ही हकिकती शेजारी ठेवून वाचायच्या. बाईचा मृत्युपूर्व जबाब हा कायद्यानं मोठा पुरावा. पण जबाबाच्या वेळी दाराशी सासरची माणसं उभी असतात, आणि तिच्या जिवाला घोर असतो तो मुलांचा. ती मुलं त्याच घरात राहणार असतात. खरं सांगावं तर त्यांना कोण बघणार? म्हणून पुष्कळदा स्टोव्हच फुटतो.

विमोचनाची स्थापना १९७९ ची. त्याआधी, १९७५ पासून, बेंगळुरूत ‘सिड्स’ नावाचा एक अभ्यास-कृती गट काम करत होता; त्याच मंडळींतून ही स्त्री-हक्कांची संघटना उभी राहिली. कोरीन कुमार, डोना फर्नांडिस, मधू भूषण ही नावं तिच्याशी जोडली गेलेली. पण एक अध्यक्ष, एक चेहरा, भिंतीवर एक तसबीर असा प्रकार इथे रुजला नाही. निर्णय बैठकीत व्हायचे. अशा कामात हा नुसता तात्त्विक हट्ट नसतो. एकाच बाईच्या करिष्म्यावर चालणारी संस्था ती बाई थकली की बसते, आणि रोज मारहाणीच्या गोष्टी ऐकणारं माणूस थकतंच. कोरीन कुमार यांनी पुढे ‘स्त्रियांची न्यायालयं’ हा उपक्रम अनेक देशांत नेला. सोसलेल्या बायकांनी जाहीरपणे साक्ष द्यायची आणि समाजानं ती ऐकायची, असं त्याचं स्वरूप. त्याचं मूळ जळीत वॉर्डातल्या त्या खाटेशी बसण्यात दिसतं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

मराठी वाचकाला यात ओळखीचं बरंच आहे. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या सुनांच्या मृत्यूंनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचानं मंजुश्रीच्या नावाचं प्रदर्शन गावोगाव फिरवलं होतं. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांच्या इमारतीतच समाजकार्यकर्त्यांचा ‘विशेष कक्ष’ बसवला. आणखी मागे गेलं तर ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. त्या रमाबाईंचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला.

मेलेल्यांचा हिशोब मागणं हे काम मोठंच. पण तो मागता मागता विमोचनाच्या दाराशी जिवंत बायका येऊ लागल्या. त्यांच्यासाठी संस्थेनं ‘अंगळ’ हे संकटकाळातलं मदत केंद्र काढलं. अंगळ म्हणजे आपलं अंगण. तिथे येणारी बाई बहुधा कायदा विचारत नाही. आज रात्री मी झोपू कुठे, मुलांची शाळा कशी चालणार, माझे दागिने आणि गुणपत्रिका त्या कपाटात आहेत त्या कोण आणून देणार, असं विचारते. नवऱ्याला शिक्षा व्हावी असं ती म्हणेलही, पण तिसऱ्या-चौथ्या भेटीत. आणि कित्येकदा मध्येच ती परत जाते. अशी परत गेलेली बाई अनुदान देणाऱ्यांच्या तक्त्यात अपयश म्हणून भरली जाते. अनुभवी कार्यकर्ती मात्र तिचा कागद फाडत नाही, कारण सुटण्याआधी अनेकदा परत जाणं हीच या वाटेची रीत आहे. ती पुन्हा आली तर दार उघडणारी बाई तीच असावी, एवढं सांभाळणं म्हणजे या क्षेत्रातलं अर्धं नेतृत्व.

कामाची गरज कमी झाली असं कुणी म्हणू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे २९ टक्के आलं. कर्नाटकात ४४ टक्क्यांवर, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्राचा आकडा २५ च्या आसपास. त्यावर मराठी माणसानं पाठ थोपटून घेण्यासारखं काही नाही : चारांतली एक.

कायद्यानं मधल्या काळात एक मोठी उडी घेतली. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तोवर सगळी व्यवस्था एवढंच विचारत होती, की बाई घराबाहेर पडल्यावर जाणार कुठे. या कायद्यानं उलटतपासणी केली : तिनं बाहेर का पडावं? कलम १७ म्हणतं, घर कुणाच्याही नावावर असो, सामायिक घरात राहण्याचा तिला हक्क आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्यालाच घराबाहेर काढू शकतात, किंवा त्यानं तिला तशाच दर्जाचं दुसरं घर द्यावं, नाहीतर भाडं भरावं, असा आदेश देऊ शकतात. फक्त घरातल्या बाईला, म्हणजे सासूला किंवा नणंदेला, असं बाहेर काढता येत नाही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असंही लिहिलं आहे. प्रयत्न हा शब्द कायद्यातलाच, आणि कोर्टात चकरा मारणाऱ्या बाईला त्याची लांबी-रुंदी ठाऊक असते.

कायदा आला तशा त्यातून निसटायच्या वाटाही निघाल्या. २००६ च्या डिसेंबरातच सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं सामायिक घराचा अर्थ इतका आवळला की घर सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं की सुनेचा हक्क संपायचा. हा अर्थ तीन न्यायमूर्तींच्या पीठानं खोडला तो थेट १५ ऑक्टोबर २०२० ला. मधली चौदा वर्षं किती सुना या फटीतून बाहेर पडल्या असतील, कोण जाणे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ डिसेंबर २०२० ला, बेंगळुरूच्याच एका सुनेच्या खटल्याचा निकाल लागला. घर मुळात नवऱ्यानं घेतलेलं. त्यानं ते वडिलांच्या नावावर केलं, वडिलांनी आईला बक्षीस दिलं. मग ज्येष्ठ नागरिकांच्या संरक्षणासाठी असलेला २००७ चा कायदा पुढे करून सुनेला घर खाली करायला सांगण्यात आलं. खालच्या अधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत सगळ्यांनी तो आदेश उचलून धरला होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहण्याचा हक्क असा पुसून टाकता येत नाही. म्हाताऱ्या आईबापांना निवारा हवाच. पण त्यांच्या आडून मुलगा बायकोला रस्त्यावर आणत असेल, तर तेही न्यायालयाला दिसायला हवं.

हे हक्क प्रत्यक्षात कसे उतरतात ते बघायला आता बेंगळुरूतलंच बेळ्ळंदूर घेऊ. आउटर रिंग रोडवरचा हा भाग बाहेरगावी ठाऊक झाला तो तळ्यामुळे : रस्त्यावर उडणारा पांढरा फेस, आणि पाण्यावर लागलेली आग. तळ्याभोवती टेक पार्क, फाटकांवर पहारेकरी असलेल्या वसाहती, आणि त्यांच्या पाठीला लागून पत्र्याच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या झोपड्या. टॉवरमध्ये पुण्या-नाशकाहून आलेली मराठी घरंही भरपूर. झोपड्यांत उत्तर कर्नाटकातली, बंगालमधली, ओडिशातली, आसामातली माणसं. त्यांतल्या बायका सकाळी त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी करायला जातात.

दोन्हीकडे मार बसतो, आणि दोन्हीकडे जायला जागा नसते. फक्त कारणं वेगळी. टॉवरमधल्या बाईला कन्नड येत नाही, माहेर सात-आठशे किलोमीटर लांब, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि हप्ताही त्याच्याच पगारातून. तिला फारसं कुणी न सांगितलेली एक गोष्ट म्हणजे कलम २७ : ती तात्पुरती जिथे राहत असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बेळ्ळंदूरचा संसार सोडून कोल्हापुरात भावाकडे आलेली बाई कोल्हापूरच्या कोर्टात जाऊ शकते, आणि तिथला आदेश देशभर लागू होतो.

झोपडीतल्या बाईची गोष्ट याहून कठीण. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात राहणाऱ्यांना बांगलादेशी ठरवून त्यांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. पुष्कळांपाशी भारतीय ओळखपत्रं होती. पीयूसीएल ही नागरी हक्क संघटना उच्च न्यायालयात गेली, आणि न्यायालयानं पाडकामावर कडक ताशेरे ओढून पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. कलम १९ इथे आणून बघा. राहण्याच्या हक्काचा आदेश एखाद्या घराच्या पत्त्यावर निघतो. ज्या घराला क्रमांक नाही, जे उद्या असेल की नाही याची खात्री नाही, त्यात राहण्याचा हक्क न्यायालयानं दिला तरी तो बजावायचा कशावर? घरातल्या हिंसेवर काम करणारी संस्था एकीकडे आणि झोपडपट्टीच्या हक्कांसाठी लढणारी दुसरीकडे, ही आपल्याकडची वाटणी अशा ठिकाणी उघडी पडते. त्या बाईचं दुःख असं दोन खात्यांत पडत नाही.

सरकारी सोयी आहेत. महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करता येतो. बेंगळुरू पोलिसांच्या आयुक्तालयात ‘वनिता सहायवाणी’ ही मदतवाणी आहे. रुग्णालयांना जोडलेली ‘सखी’ केंद्रं आहेत. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं. त्यापुढे आधारगृहं : पूर्वीची ‘स्वाधार गृह’, २०२२ पासून ‘शक्ती सदन’. स्वाधारच्या नियमांत कौटुंबिक हिंसेतून आलेल्या बाईला साधारण एक वर्ष राहता येत असे. बरोबरचा मुलगा ठरावीक वयापुढचा असेल, तर त्याला मात्र आईजवळ ठेवता येत नाही. त्याची रवानगी बालगृहात. त्या वयाच्या उंबरठ्यावरचा मुलगा असलेली आई हे ऐकून काय करते, हे सांगायला नको. कायद्यातले संरक्षण अधिकारी हा आणखी एक लटका खांब. कर्नाटकात हे काम अंगणवाड्यांचा कारभार बघणाऱ्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांवर जास्तीचं म्हणून टाकलेलं. कायद्याला जवळजवळ दोन दशकं झाल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं, की हे अधिकारी नेमा.

आधारगृहातून बाहेर पडताना खरी कसोटी लागते. बाई घरकाम करते किंवा कॅन्टीनमध्ये लागते, महिन्याचं भाडं कसंबसं भरू शकते. पण बेंगळुरूत घर मिळतं ते डिपॉझिटवर. शहराची जुनी रीत दहा महिन्यांच्या भाड्याची; आता पुष्कळ ठिकाणी ती पाच-सहावर आली आहे. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरू कायद्यानं दोन महिन्यांची मर्यादा सुचवली, पण ती पाळायची वेळ आली की बाजार कानावर हात ठेवतो. वर घरमालकाचा प्रश्न : नवरा कुठे आहे? भाडं दहा हजार धरलं, तर चावी हातात येण्याआधी पन्नास हजार मोजायचे. इतके पैसे हाताशी असते तर ती मारहाण सोसत एवढी वर्षं थांबली असती का? कलम १९ मध्ये भाड्याचा उल्लेख आहे, डिपॉझिटचा नाही. चांगला वकील अर्जात ते मागतो, पण आदेश येईपर्यंत घर दुसऱ्यानं घेतलेलं असतं.

म्हणून अशा संस्थांच्या प्रमुखांनी देणगीदारांकडे नवी इमारत मागण्याआधी डिपॉझिटचा फिरता निधी मागावा. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, डिपॉझिटवर लागत नाही, एवढीच काय ती अडचण. हिशोबाला मात्र तो सोपा : पैसा संस्थेच्या नावानं घरमालकाकडे जातो, बाई घर सोडते तेव्हा तो परत येतो आणि पुढच्या बाईच्या कामाला लागतो. पूर्ण परत येत नाही, हे खरं. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एका महिन्याचं भाडं कापून घ्यायची बेंगळुरूच्या घरमालकांची पद्धत आहे, आणि ती गृहीत धरूनच निधी उभा करावा लागेल.