भुसावळच्या उन्हात ड्रॅक्युला

दोस्तांनो, ड्रॅक्युलाने कधी भुसावळ स्टेशनवर उतरायचे ठरवले, तर त्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. एक म्हणजे मे महिना टाळावा लागेल. पारा ४५ अंशांच्या वर गेला की इथे साधी माणसेसुद्धा दुपारी दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. मग उन्हाने राख होणाऱ्या त्या बिचाऱ्याची काय कथा! दुसरी गोष्ट म्हणजे आपले भरीत. लसणाच्या वासाने रक्तपिपासू पळून जातात म्हणे. आणि भरितात लसूण किती पडतो, हे जळगावकरांना मी काय सांगणार?

रक्तपिपासू म्हणजे इंग्रजी गोष्टींतला व्हॅम्पायर. ब्रॅम स्टोकर या लेखकाची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली आली. गंमत अशी, की त्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो! उन्हात त्याची शक्ती कमी होते, एवढेच. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो ही कल्पना रूढ केली ती १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला म्हणून जो नियम आपण समजतो, तो खरे तर सिनेमावाल्यांचा.

आज मात्र बोलायचे आहे ते २००६ साली आलेल्या 'अल्ट्राव्हायलेट' या चित्रपटाबद्दल. दिग्दर्शक कर्ट विमर, नायिका मिला योवोविच. काळ एकविसाव्या शतकाच्या अखेरचा. सैनिकांना अधिक बळकट आणि चपळ करण्यासाठी प्रयोगशाळेत एका विषाणूवर काम चाललेले असते. तो विषाणू निसटतो. ज्यांना त्याची लागण होते त्यांना विलक्षण ताकद येते, सुळे वाढतात, पण आयुष्य उरते जेमतेम बारा वर्षांचे. घाबरलेले सरकार या लोकांना दंडावर पट्टी बांधायला लावते, मग वेगळे काढते, मग संपवायला निघते. आपली नायिका व्हायोलेट ही त्यांच्यातलीच एक. सरकारने तयार केलेले एक भयंकर हत्यार पळवायला ती जाते, पेटी उघडते, तर आत निघतो नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा! त्याचे नाव 'सिक्स', म्हणजे सहा. हत्यार त्याच्या रक्तात आहे.

वाचताना उत्सुकता वाटली ना? मलाही वाटली होती. पण पुढचा दीड तास व्हायोलेट फक्त मारामारी करते. शंभर शिपाई येतात, ती शंभर पाडते. पुन्हा शंभर येतात. माणसांचे चेहरे संगणकाने इतके गुळगुळीत केलेले, की बाहुल्यांचा खेळ पाहतोय असे वाटते. समीक्षकांनी त्याला झोडपले. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात मिळवले तेही साधारण तेवढेच. (पालकांसाठी: अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांनी तो मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहावा असा शेरा आहे. तुमच्या मुलांनी तो पाहिला नसेल तर फार काही चुकलेले नाही.)

मग यावर दोन पाने कशाला? कारण कल्पना चांगल्या होत्या हो! त्या वाया गेल्याचे दुःख आहे. विज्ञानकथा कशी रचतात ते डॉ. जयंत नारळीकरांच्या कथांमधून शिकावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या खोट्या नावाने, म्हणजे आपली आद्याक्षरे उलटी करून! परीक्षकांना पत्ता लागला नाही आणि पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले. अशा कथेत एक 'जर' असतो आणि त्यातून निघणारे सगळे 'तर' लेखक इमानेइतबारे शोधतो. 'अल्ट्राव्हायलेट'मध्ये 'जर' डझनभर आहेत, 'तर' एकही नाही.

आता हेच पाहा. व्हायोलेटच्या मनगटावर एक कडे आहे. त्यात जागा घडी घालून ठेवलेली असते, चादरीची घालतो तशी. त्यातून ती बंदुकांवर बंदुका काढते. ठीक आहे, जागा घडी घातली. पण वजनाचे काय? एक बंदूक तीन किलोची धरली तरी पन्नास बंदुकांचे दीडशे किलो झाले. हात वर करून दाखवा पाहू! वजनही नाहीसे होते म्हणायचे, तर ते जाते कुठे? यावर चित्रपट गप्प. आणि मला सांगा, असे यंत्र खरेच निघाले तर पहिल्यांदा कोण वापरील? रावेर-यावलचा केळी उत्पादक! एक अख्खा ट्रकभर माल डब्यात घालून तो दिल्लीला निघेल, घडांना ओरखडा नाही, गाडीसाठी खोळंबा नाही. मग ट्रकवाल्यांचे काय होईल? सावद्याच्या बाजारात भाव कसा ठरेल? ही झाली विज्ञानकथा. भविष्यातले एवढे मोठे यंत्र हाती असून त्यात फक्त बंदुका कोंबायच्या, म्हणजे कमालच झाली.

एक गोष्ट मात्र आवडली. व्हायोलेट एका यंत्रातून कागदाचा फोन छापून घेते, बोलते आणि टाकून देते. छोटीशीच कल्पना, पण पटते.

नावाचीही तीच तऱ्हा. अल्ट्राव्हायलेट म्हणजे अतिनील किरण. १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रकाशाचे सात रंग वेगळे करून त्यांत चांदीचा क्षार लावलेला कागद धरला. जांभळ्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तो सगळ्यांत भरभर काळा पडला! हे किरण जंतूंच्या डीएनएची मोडतोड करतात. काही घरांत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात निळसर दिवा असतो ना, त्याचे काम हेच. म्हणजे विषाणूमुळे झालेल्या रक्तपिपासूला आणि अतिनील किरणांना एकत्र बांधून केवढी झकास कथा झाली असती! पण इथे नायिकेच्या नावापलीकडे त्या किरणांना फारसे काम दिलेले नाही.

आता वही-पेन्सिल घ्या. रक्तपिपासूंच्या कथेतला सगळ्यांत मोठा 'तर' गणिताचा आहे. समजा, धुळ्यात एक रक्तपिपासू आला. तो दर रात्री एकाला चावतो आणि चावलेला माणूस दुसऱ्या रात्रीपासून स्वतः चावायला निघतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहाव्या रात्रीअखेर १,०२४. एवढेच? विसाव्या रात्रीअखेर १०,४८,५७६! २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या होती २०,५०,८६२. एकविसाव्या रात्री सगळा जिल्हा संपला. आता जळगावही जोडा. तिथली लोकसंख्या जवळजवळ दुप्पट, ४२,२९,९१७. दोन्ही मिळून सुमारे ६३ लाख. किती रात्री लागतील? चाळीस? साठ? छे, फक्त तेवीस! तिप्पट माणसे आणि जास्तीच्या रात्री दोनच. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवली ना? साथीच्या रोगाला सुरुवातीलाच का अडवायचे, तेही यातच दिसते.

आणि चोविसाव्या रात्री? प्यायला रक्त कुणाचे? हा प्रश्न 'डेब्रेकर्स' या २००९ च्या चित्रपटाने विचारला. त्यात जवळजवळ सगळे जगच रक्तपिपासू झाले आहे, रक्ताचा साठा संपत आलाय आणि नायक कृत्रिम रक्त शोधणारा डॉक्टर आहे. (तो चित्रपट मोठ्यांचा आहे, तुम्ही थांबा.) खऱ्या जगातही माणसाच्या रक्ताची जागा पूर्णपणे घेईल असा पदार्थ अजून बनलेला नाही. रक्त माणसाकडूनच घ्यावे लागते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग शरीर नव्या बनवते. म्हणून तर रक्तदान करता येते.

पण काहींच्या तांबड्या पेशी दहा-वीस दिवसच टिकतात. आणि त्यासाठी एकविसाव्या शतकाच्या अखेरीला जायला नको. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री, आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेले नंदुरबार, एवढेच जायचे. या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल, पावरा अशा आदिवासी समाजांत सिकलसेल हा आजार आढळतो.

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका साखळीत १४६ मणी ओवलेले असतात. सिकलसेलमध्ये त्यातला फक्त एक मणी बदललेला असतो, सहावा. (चित्रपटातल्या मुलाचे नावही 'सहा'च, हा निव्वळ योगायोग बरं का!) तेवढ्याने गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हातापायांत, पाठीत, पोटात असह्य वेदना उठतात. शरीरातले पाणी कमी झाले की हे जास्त होते. म्हणजे मे महिन्यातल्या ज्या उन्हाची मघाशी आपण थट्टा केली, ते ऊन या मुलांना खरोखरच सोसत नाही. त्यांना सारखे पाणी प्यावे लागते. त्यांचे मूत्रपिंड पाणी नीट राखून ठेवू शकत नाही, म्हणून लघवीलाही वारंवार जावे लागते. वर्गात कुणी तिसऱ्यांदा परवानगी मागतो आणि मागच्या बाकावर हसाहशी होते, तेव्हा तो टंगळमंगळच करत असतो असे नाही.

हा आजार चावून, शिवून, एका ताटात जेवून होत नाही. तो आईवडिलांकडूनच येतो, तोही दोघांकडून बदललेला मणी आला तर. एकाकडूनच आला तर मूल 'वाहक' होते, आणि वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. उलट, जीवघेण्या मलेरियापासून वाहकाला बरेच संरक्षण मिळते! जंगलात जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता, तिथेच हा मणी टिकून राहिला तो यामुळे. ताकद मिळते, पण तिची किंमत मोजावी लागते. 'अल्ट्राव्हायलेट'च्या विषाणूची कल्पना नेमकी हीच होती की! निसर्गाने ती फार आधी लिहून ठेवलीय, आणि कितीतरी जास्त विचार करून.

दंडावरची पट्टी आठवते? चित्रपटात ती दोन मिनिटे दिसते आणि पुढे गोळीबार सुरू होतो. मला तिथेच थांबायचे होते. रक्ताच्या चाचणीचा कागद हातात आला की तो माणसाला मदत करतो की त्याची पट्टी होतो? वाहक मुलीचे लग्न मोडणे, 'रक्तात दोष आहे' म्हणून कुजबुजणे, हे घडते. गणित मात्र साधे आहे. आई-बाबा दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन पूर्णपणे नेहमीसारखे असेल तर शून्य. म्हणजे वाहक मुलीने लग्न करू नये असे कुठलेही विज्ञान सांगत नाही. दोघांनी आधी तपासणी करून घ्यावी, एवढेच सांगते.

चित्रपटातल्या खलनायकाचा डाव शेवटी उघड होतो तो असा: सगळ्यांना रोगी करायचे आणि रोजचा डोस विकायचा. खलनायक नसला तरी औषधाच्या किमतीचा प्रश्न खराच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने सिकलसेलवर एका अद्भुत उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्या जनुकाला नेमकी कात्री लावायची, आणि जन्माआधी आपल्या शरीरात जे हिमोग्लोबिन असते ते पुन्हा सुरू करायचे! विज्ञानकथेतही शोभेल अशी ही गोष्ट. अमेरिकेतली तिची किंमत मात्र एका रुग्णाला २२ लाख डॉलर. तेवढ्या पैशांत सातपुड्यातल्या किती पाड्यांवर दवाखाने उभे राहतील, ते गणित तुम्हीच करा.

तोवर जुनी औषधे आहेतच. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी अनेकांच्या वेदना कमी होतात, अर्थात त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे तिने ठरवले. पहिली चाचणी अगदी सोपी असते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकतात, थोडा वेळ थांबतात, आणि नळीमागे ओळी आखलेला कागद धरतात. ओळी स्पष्ट दिसल्या तर तो मणी नाही. द्रावण गढूळ होऊन ओळी दिसेनाशा झाल्या, तर पुढची चाचणी करून वाहक की रुग्ण ते ठरवतात.