आतड्याच्या पेशीपटलावरील एक एन्झाइम व त्याचे जनुक

शरीरातील एखादे प्रथिन प्रथम रोगाच्या निमित्ताने ज्ञात झाले, की त्यास रोगाचेच नाव चिकटून बसते. मानवाच्या बाराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर जीयूसीवाय-२-सी हे जनुक आहे. त्याच्या आदेशानुसार घडणाऱ्या ग्वानिलिल सायक्लेज-सी या एन्झाइमाच्या वाट्यास हेच आले. ग्रंथांतून त्याचा परिचय दीर्घकाळ 'उष्णतास्थिर विषाचा ग्राहक' असाच करून दिला जात असे. परंतु एका जंतूचे विष स्वीकारता यावे एवढ्याचसाठी मानवाने आपल्या आतड्यात एक एन्झाइम पिढ्यान्‌पिढ्या बाळगले असेल, हे संभवत नाही. त्याचे स्वतःचे काही कार्य असलेच पाहिजे. ते कार्य कोणते, आणि ते प्रमाणाबाहेर वाढल्यास अथवा मंदावल्यास काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विषयाचा आरंभ अतिसाराच्या अभ्यासापासून होतो. कलकत्त्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडण्याची पद्धत वापरली. जंतू रोगकारक असल्यास बांधलेल्या भागात द्रव साठून तो फुगतो. अतिसाराच्या रुग्णांपासून मिळविलेले ई. कोलाय जंतूही असाच परिणाम घडवितात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखविले. पुढे १९५९ मध्ये, पटकीच्या जंतूंच्या गाळलेल्या, म्हणजे जंतुविरहित द्रवानेही आतडे फुगते असे त्यांना आढळले. अपाय करणारा पदार्थ जंतूपासून वेगळा काढता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. एवढ्या साध्या साधनांनी एवढा दूरगामी निष्कर्ष क्वचितच काढला गेला असेल.

अतिसारकारक ई. कोलाय दोन प्रकारची विषे निर्माण करतात. एक उष्णतेने नष्ट होते. ते पटकीच्या विषासारखे असून पेशीतील चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढविते. दुसरे उकळूनही टिकते. ते केवळ १८ किंवा १९ ॲमिनो अम्लांचे असून गंधकाच्या तीन सेतूंनी घट्ट बांधलेले असते; त्याच्या स्थैर्याचे कारण हेच. हे दुसरे विष चक्रीय जीएमपी वाढविते, असे १९७८ मध्ये दिसून आले. म्हणजे त्याचा मार्ग पटकीच्या विषाहून निराळा होता. १९९० मध्ये डेव्हिड गार्बर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या आतड्यातून या मार्गाच्या मुखाशी असलेल्या प्रथिनाचा जनुकीय संकेत वेगळा केला, तेव्हा विषाचा ग्राहक आणि चक्रीय जीएमपी तयार करणारे एन्झाइम हे एकच प्रथिन असल्याचे उघड झाले.

या प्रथिनाची मानवातील साखळी १०७३ ॲमिनो अम्लांची आहे. तिचा एक भाग पेशीबाहेर, आतड्याच्या पोकळीकडे असतो. तेथे संदेशक रेणू बसतो. साखळी पेशीपटलास एकदाच भेदून आत येते. आत प्रथम काइनेज एन्झाइमासारखा एक भाग लागतो. तो स्वतः फॉस्फेट जोडण्याचे काम करीत नाही. पुढील भागावर नियंत्रण ठेवतो. त्यापुढे प्रत्यक्ष सायक्लेज भाग असून तो जीटीपीपासून चक्रीय जीएमपी बनवितो. ॲड्रेनलिनचा संदेश ॲडेनिलिल सायक्लेजपर्यंत पोहोचावयास मध्ये जी-प्रथिन लागते. येथे तसा मध्यस्थच नाही. ऐकणारा व कृती करणारा एकच आहे.

पुढील क्रम असा. चक्रीय जीएमपी वाढले, की दुसऱ्या प्रकारचे प्रोटीन काइनेज-जी कार्यान्वित होते. ते सीएफटीआर या क्लोराइडच्या द्वारास फॉस्फेट जोडते आणि क्लोराइड पोकळीत वाहू लागते. त्याच वेळी सोडियम आत घेणारा एक मार्ग रोखला जातो. क्षार जिकडे साठतात तिकडे पाणी जाते.

मग शरीराचा स्वतःचा संदेशक कोणता? तो १९९२ मध्ये उंदराच्या आतड्यात सापडला व त्यास ग्वानिलिन हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी ओपॉसम या प्राण्याच्या मूत्रातून युरोग्वानिलिन मिळाले. मानवात ही अनुक्रमे १५ व १६ ॲमिनो अम्लांची पेप्टाइडे आहेत. युरोग्वानिलिन आम्लधर्मी परिसरात अधिक प्रभावी ठरते, तर ग्वानिलिन अल्कधर्मी परिसरात. जठरातून आम्ल अन्न उतरते त्या ठिकाणापासून मोठ्या आतड्यापर्यंत दोघांनी जणू काम वाटून घेतले आहे. आतड्यातील आर्द्रता राखणे, हे या एन्झाइमाचे सहज कार्य होय. जंतूचे विष याच पेप्टाइडांची नक्कल करते. मात्र शरीराच्या पेप्टाइडांत गंधकाचे दोनच सेतू असतात, विषात तीन. आणि ग्राहकाशी ते कितीतरी अधिक दृढपणे जखडते. विष नवा संदेश आणीत नाही. जुनाच संदेश देते, पण थांबत नाही.

१९९७ मध्ये हे जनुक नष्ट केलेले उंदीर तयार करण्यात आले. ते विषास दाद देईनात, आणि तरीही चांगले जगले. त्यामुळे हे एन्झाइम फारसे आवश्यक नसावे, असे अनुमान काढणे सोपे होते. मनुष्याच्या बाबतीत ते टिकले नाही. २०१२ साली दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एकात नॉर्वेतील एका कुटुंबातील ३२ बाधित व्यक्तींचा अभ्यास होता. या सर्वांना लहानपणापासून सौम्य पण चिवट अतिसार होता. काहींना क्रोनचा रोग अथवा आतड्यात अवरोधही झाला होता. त्यांच्यात ८४० व्या स्थानावरील सेरीनच्या जागी आयसोल्यूसीन आले होते. संदेशक लागताच हे बदललेले एन्झाइम नेहमीपेक्षा अधिक चक्रीय जीएमपी बनविते. या संशोधनात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संध्या विश्वेश्वरय्या व त्यांचे सहकारी सहभागी होते. दुसऱ्या निबंधात इस्रायलमधील बेदुइन कुटुंबांचे वर्णन आहे. त्यांच्यातील काही अर्भकांच्या आतड्यात जन्मतःच घट्ट, चिकट मळ अडकून बसत असे. येथे दोन्ही पालकांकडून आलेली जनुकाची प्रत सदोष होती व एन्झाइम निकामी अथवा दुर्बल झाले होते. सीएफटीआर बिघडल्याने होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसमध्येही अर्भकास हाच अवरोध होतो. एकाच मार्गावरील दोन टप्प्यांचे दोष येथे एका लक्षणाशी येऊन मिळतात. एका जनुकाचे आधिक्य व न्यूनता यांची इतकी स्वच्छ जोडी पाठ्यपुस्तकास शोभेल अशी आहे.

औषधशास्त्राने याचा लाभ घेतला. विषाच्या धर्तीवर रचलेले १४ ॲमिनो अम्लांचे लिनाक्लोटाइड २०१२ मध्येच अमेरिकेत जुनाट बद्धकोष्ठावर संमत झाले. ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. दोन वर्षांखालील बालकांस मात्र ते वर्ज्य आहे, कारण निर्जलीकरणाचा धोका. अर्भकाच्या आतड्यात या ग्राहकांची संख्या अधिक असते, हे ध्यानात घेतले म्हणजे लहान मुलांना हा अतिसार एवढा का बाधतो याचाही काही उलगडा होतो.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील नाही. आफ्रिका व आशियातील सात केंद्रांवर बालकांच्या तीव्र अतिसाराचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात कोलकाताही होते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उष्णतास्थिर विष निर्माण करणारे ई. कोलाय चार प्रमुख कारणांपैकी एक ठरले. मीठ-साखरेचे पाणी या मुलांना वाचविते, कारण ग्लुकोजबरोबर सोडियम आत नेणारा वाहक या विषाने बाधित होत नाही. प्रतिबंधक लस बनविणे मात्र कठीण आहे. विषाचा रेणू इतका लहान, की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याची दखलच घेत नाही. त्यास मोठ्या प्रथिनास जोडून प्रतिपिंडे निर्माण करावीत, तर ती ग्वानिलिन व युरोग्वानिलिन यांच्यावरही उलटण्याचे भय राहते. म्हणून विषाच्या रेणूत एखाददुसरे ॲमिनो अम्ल बदलून, त्याचे शरीराच्या पेप्टाइडांशी असलेले साम्य कमी करण्याच्या दिशेने प्रयत्न चालू आहेत.