नऊ नंबरचा टेम्प्लेट

सकाळी 7.45
ऑगस्टच्या पावसात आमच्या सोनोग्राफी सेंटरच्या जिन्यात छत्र्या निथळत असतात आणि उपाशी माणसं कंटाळत असतात. पित्ताशय बघायचं तर सहा तास पोट रिकामं हवं. खाल्लं की पिशवी आकसते आणि आतलं काही नीट दिसत नाही. आदल्या दिवशी फोनवर तीनदा सांगूनही पहिले काका म्हणाले, "मॅडम, चहाच घेतलाय फक्त. आणि चहाबरोबर दोन बटर." त्यांना दुपारची वेळ दिली.

8.20
एकोणीस वर्षांचा मुलगा, कॉलेजच्या होस्टेलवरून घरी आलेला. चार दिवस ताप आणि मळमळ, मग लघवी गडद, मग डोळे पिवळे. डोळे पिवळे झाले तसा ताप मात्र उतरला. हिपॅटायटिस ए बहुधा याच क्रमाने चालतो. गावाकडे कुणीतरी नाकात कडू रसाचे थेंब सोडले होते, त्याने नाकपुड्या सोलवटल्या होत्या. आईने घरातली हळद बंद केली होती, पिवळ्याला पिवळं नको म्हणून. हळदीने काही बिघडत नाही. नाकातल्या थेंबांबद्दल मात्र मी दोन शब्द जरा चढ्या आवाजात बोलले.

प्रोब बरगडीखाली टेकवला. यकृत सुजलेलं. यकृताच्या काळसर पडद्यावर शिरांच्या भिंती ठिपक्यांसारख्या उजळून दिसतात, त्याला पुस्तकात ताऱ्यांनी भरलेलं आकाश म्हणतात. आमच्या मशीनवर ते बहुतेक वेळा ढगाळच असतं. पित्ताशय मात्र अगदी स्पष्ट. त्याची भिंत 3 मिलिमीटरपर्यंत असावी, इथे 9. कांदा उभा चिरल्यावर दिसतात तसे तिचे थर सुटे झालेले. आणि आतली पोकळी म्हणजे नुसती एक चीर. सुजलेलं यकृत पित्तच कमी सोडतं, तर पिशवी भरणार कशाने?

"खडा आहे का हो, मॅडम?"
"नाही मावशी."
"मग पिशवीला सूज कशी?"
"शेजारचं घर पेटलं की आपलीही भिंत तापते ना, तसं. यकृत निवलं की ही पण निवेल."

पूर्ण उत्तर जरा लांब आहे. यकृताची सूज शेजारी पसरते, भिंतीतल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, आणि काही मोजक्या रुग्णांत तर विषाणूचे अंश पित्ताशयाच्या पेशींतही सापडले आहेत. पण आईला हवं होतं ते एवढंच, की कापावं लागणार नाही.

8.50
हा रिपोर्ट टाइप होताना मी आजही खुर्चीमागे उभी राहते. त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या गावात, आमच्या कॉम्प्युटरवर तयार टेम्प्लेट होते. नऊ नंबर दाबला की पडद्यावर यायचं: पित्ताशयाची भिंत जाड, अॅक्युट कोलेसिस्टायटिस, म्हणजे पित्ताशयाचा तीव्र दाह. एका रात्री उजव्या कुशीत दुखतंय म्हणून एक माणूस आला. भिंत जाड होती, मी नऊ सांगितला. यकृताची सूज सांगणारा त्याचा एसजीपीटी बघितला नाही, मागितलाही नाही. डोळे अजून पिवळे व्हायचे होते. सकाळी त्याचं पोट उघडलं, आत खडा नव्हता, होतं ते लालभडक यकृत. रक्त गोठेना. तो बारा दिवस आयसीयूत होता. वाचला. त्याच्या बायकोने मला पेढे दिले होते, ते पेढे मला अजून आठवतात.

या सेंटरला आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी इथलाही नऊ नंबर पुसायला लावला. आता त्या जागी काही नाही. काविळीत आम्ही लिहितो ते असं: भिंतीला सूज, खडे नाहीत, यकृताच्या आजाराशी सुसंगत, रक्ततपासणीशी ताडून पाहावे.

11.10
गरोदर बाईची सोनोग्राफी. एफ फॉर्म, सही, गर्भलिंग सांगितलं जात नाही ही भिंतीवरची पाटी, सगळं रोजचं. सातवा महिना, आणि तिच्या गल्लीत काविळीचे पेशंट निघालेत. मी तिच्या डोळ्यांत दोनदा पाहिलं. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतू शकतो, आणि 2012 ची इचलकरंजीची साथ या भागात कुणी विसरलेलं नाही. डोळे पांढरे होते. पाणी उकळून पी म्हटलं.

दुपारी 1.30
चहा-बटरवाले काका आले. नॉर्मल. मग डेंग्यूचे दोघे. त्यांच्याही पित्ताशयाच्या भिंती जाड, पण तिथे रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरल्यामुळे. पावसाळ्यात आमच्याकडे जाड भिंतीची इतकी कारणं असतात की खडा आपला बिचारा वाटतो. डबा तीनला उघडला.

4.40
वॉर्डातून फोन. चौतीस वर्षांच्या बाई, हिपॅटायटिस ए, सहावा दिवस. एसजीपीटी 3,100 वरून 900 वर आलेला, म्हणजे यकृत सावरतंय. पण काल रात्रीपासून ताप परत आला आणि कुशीत हात लावू देईनात. इथे माझे कान टवकारले. काविळीत गेलेला ताप सहसा परत येत नाही.

पोर्टेबल मशीन ढकलत नेलं. पित्ताशय रिकामं नव्हतं, टम्म फुगलेलं होतं. भिंत 8 मिलिमीटर, म्हणजे सकाळच्या मुलापेक्षा कमीच. आत दाट गाळ, खडा एकही नाही, बाहेरून पाण्याची बारीक किनार. यकृतावर चारी बाजूंनी प्रोब दाबला, त्या सोसत होत्या. नेमका पित्ताशयावर दाबून म्हटलं, "श्वास घ्या." अर्ध्यातच श्वास अडला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. शिकागोच्या मर्फी नावाच्या सर्जनने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी सांगितलेली खूण. सुजलेलं यकृतही दुखतंच, म्हणून काविळीत तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नये. पण ताप, फुगलेली पिशवी, गाळ, पाणी आणि हे मनगट, सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं.

5.30
सर्जन कॉरिडॉरमध्येच भेटले. "मॅडम, कापू की थांबू?" आयएनआर 1.9, म्हणजे रक्त गोठायला वेळ लागत होता. अशा यकृताला भूल देणं म्हणजे उतारावर ब्रेक नसलेली गाडी सोडणं. भिंत कुठे फाटलेली, कुजलेली किंवा आत वायू दिसतो का, ते मी पुन्हा पाहून आले. नव्हतं तसं. मग फिजिशियन, सर्जन आणि मी, तिघांचं ठरलं: तोंडाने काही नाही, सलाइन, अँटिबायोटिक, व्हिटॅमिन के, आणि उद्या सकाळी सातला पुन्हा सोनोग्राफी. अशा बहुतेक केस चाकूशिवाय निभावतात. भिंतीचा रंग बदलला तर मात्र रात्री दोनलाही ऑपरेशन.

8.15
सेंटर रिकामं. टायपिस्ट पोरगी बॅग खांद्याला लावून बसलेली. मी सांगत गेले: पित्ताशय फुगलेले, खडे नाहीत, बाहेर द्रव. निष्कर्ष, अॅक्युट अकॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस, हिपॅटायटिस ए सोबत.

तिचे हात थांबले. "मॅडम, हे टेम्प्लेटमध्ये नाहीये."
"माहितीये. टाइप कर."
"स्पेलिंग सांगा मग."

मी खुर्ची ओढली आणि एकेक अक्षर सांगू लागले.