आजींची पेटी आणि न चालणारी सीडी

२००३ साली आम्ही पाच-सहा जणांनी मिळून बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणींची एक सीडी तयार केली होती. मी तेव्हा कारखान्यात नोकरीला होतो, इतिहास हा रविवारचा उद्योग. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या वयस्कर मंडळींकडे कॅमेरा घेऊन जायचं, बोलतं करायचं आणि ते सगळं 'डायरेक्टर' नावाच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचं, असा बेत होता. नकाशावर घरावर क्लिक केलं की त्या घरातलं माणूस बोलू लागे. तेव्हा ते फार भारी वाटायचं.

गेल्या वर्षी बडोदे संस्थानातल्या ग्रंथालयांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने या सीडीतल्या एका मुलाखतीबद्दल विचारलं. मुलाखत दांडिया बाजारातल्या एका आजींची. वडील संस्थानात शिक्षक, त्यामुळे त्यांचं बालपण खेड्यात गेलं होतं. महाराज सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, हे बहुतेक वाचकांना माहीत असेल. त्या व्यवस्थेत खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. आजींनी लहानपणी अशी पेटी वडिलांच्या शाळेत उघडताना पाहिली होती.

मुलाखतीचं लिखित टिपण माझ्या फायलीत आहे. त्यात वाक्य असं: "एवढी पेटी, आणि एवढी उंच. दोन माणसं लागायची उचलायला." आता या 'एवढी'चं काय करायचं? आजींनी हातांनी आधी रुंदी दाखवली, मग उंची. टिपण काढणाऱ्याने शब्द लिहिले, हात लिहिले नाहीत. हात फक्त सीडीत. आजी २००६ मध्ये गेल्या.

सीडी ड्राइव्ह शेजाऱ्यांकडून मागून आणला. प्रोग्रॅम सुरू झाला, नकाशा दिसला. घरावर क्लिक केलं तर जिथे आजी दिसायला हव्यात तिथे पांढरा चौकोन. खाली मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला.

असं का होतं ते नीट समजून घेऊ, कारण हा प्रश्न आमच्या एकट्या सीडीचा नाही. व्हिडिओची फाइल म्हणजे एक डबा असतो. एमओव्ही, एव्हीआय, एमपी४ ही डब्यांची नावं. आतलं चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ती पद्धत म्हणजे कोडेक. डबा ओळखीचा असला तरी आतला कोडेक उलगडता आला नाही, तर चित्र दिसत नाही. डायरेक्टरसारखा प्रोग्रॅम व्हिडिओ स्वतः उलगडतच नसे. तो काम संगणकावरच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे, आमच्या बाबतीत क्विकटाइमकडे, सोपवायचा. नव्या संगणकावर क्विकटाइम नाही, म्हणून पांढरा चौकोन.

आम्ही वापरलेला कोडेक होता सिनेपॅक. तो का निवडला, याचं उत्तर साध्या गणितात आहे. मिनी-डीव्ही कॅसेटवरचं एका तासाचं चित्रण संगणकावर घेतलं की साधारण १३ जीबी होतं. सीडीत मावतात ७०० एमबी. म्हणून ७२० बाय ५७६ चं चित्र ३२० बाय २४० वर आणलं, म्हणजे ठिपके पाचपटींहून कमी. सेकंदाला २५ चित्रांऐवजी १५ ठेवली आणि वर सिनेपॅकने दाबलं. त्या काळच्या संगणकावर न अडखळता चालण्यासाठी हे बरोबरच होतं. फक्त ती दाखवण्याची प्रत होती, आणि आम्ही तिलाच जपण्याची प्रत समजलो.

पुढे खालची जमीन सरकत गेली. विंडोजवरच्या क्विकटाइमचा आधार २०१६ मध्ये थांबला आणि सुरक्षेच्या कारणाने तो काढून टाकण्याचा सल्ला अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने दिला. डायरेक्टरची विक्री २०१७ मध्ये बंद झाली. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून क्विकटाइम ७ आणि त्यासोबत सिनेपॅकसारखे जुने कोडेक गेले. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला. यात कुणी आपल्यावर अन्याय केला असं मी मानत नाही. सॉफ्टवेअर बदलणारच. आपण आपलं साहित्य त्याच्या भरवशावर सोडलं, ही चूक आपली.

सुटकेचा मार्ग मात्र होता. पहिलं काम, सीडीची जशीच्या तशी प्रतिमा म्हणजे आयएसओ फाइल करून घेतली. सीडी ओरखड्याने कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून पुढचं सगळं काम या प्रतीवर. मग फोल्डर उघडून पाहिले. डायरेक्टर व्हिडिओ आपल्या फाइलच्या पोटात घेत नसे, बाहेर वेगळ्या फाइलींत ठेवून फक्त त्यांचा पत्ता लक्षात ठेवायचा. त्यामुळे सगळ्या मुलाखती एका फोल्डरात सुट्या मिळाल्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये आजींची फाइल टाकली आणि त्या बोलू लागल्या. व्हीएलसीला हे जमतं कारण तो एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरचा आधार घेतो. फॅब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात सिनेपॅक, इंडिओ, सोरेन्सन असे जुने कोडेक उलगडण्याची सोय आजही टिकवलेली आहे.

इथे मी घाई केली. एका फुकट कन्व्हर्टरमधला तयार साचा निवडला, १९२० बाय १०८०, आणि फाइल आजींच्या घरी पाठवून दिली. संध्याकाळी त्यांच्या नातसुनेचा फोन. "काका, मिळालं म्हणून बरं वाटलं. पण आजी एवढ्या जाड कधीच नव्हत्या हो."

खरं होतं. मूळ चित्र ४:३ चं, मी ते १६:९ मध्ये ताणलं होतं. रुंदी एकतृतीयांशाने वाढली. आजींचे गाल वाढले ते वाढलेच, पण त्यांच्या हातांतली पेटीही तेवढीच पसरली. रुंदी ताणली, उंची तशीच राहिली. त्या विद्यार्थिनीने त्यावरून पेटीचा आकार लिहिला असता तर चूक माझ्या नावाने छापली गेली असती.

दुसऱ्यांदा बैठक मारून केलं. जे शिकलो ते असं.

मूळ फाइल हात न लावता ठेवायची आणि तिचा चेकसम लिहून ठेवायचा, म्हणजे पुढे एक बिट जरी बदलला तरी कळतं. बघण्यासाठी एमपी४ डब्यात एच.२६४ ची वेगळी प्रत करायची, ती आज फोनवरही चालते. त्यात आकाराचं प्रमाण आणि सेकंदाची चित्रसंख्या मूळचीच ठेवायची. पडदा भरत नसेल तर बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात.

कॅसेटवरून थेट घेतलेलं चित्रण असेल तर आणखी एक मेख आहे. ७२० बाय ५७६ मधले ठिपके चौरस नसतात. चौरस धरून एक्स्पोर्ट केलं की ४:३ चं चित्र अरुंद होतं, माणसं उंच आणि बारीक दिसतात. ते ७६८ बाय ५७६ च्या प्रमाणात दिसायला हवं.

आणि जपण्याच्या प्रतीचं रूपांतर करावंच लागलं तर एफएफव्ही१ सारखा कोडेक घ्यावा, ज्यात काहीच गळत नाही. त्याचं तपशीलवार वर्णन २०२१ पासून खुल्या दस्तऐवजात उपलब्ध आहे, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर नसलं तरी कुणीतरी ते नव्याने लिहू शकेल. अर्थात सिनेपॅकमध्ये जे गेलं ते यानेही परत येत नाही.

नकाशाचा भाग वेगळ्या तऱ्हेने वाचवला. संगणकातच जुन्या विंडोज एक्सपीचा आभासी संगणक उभा केला, त्यात तेव्हाचा फाँट आणि क्विकटाइम घातलं, प्रत्येक घरावर क्लिक करत गेलो आणि पडद्याचं चित्रण केलं. कुठल्या घरामागे कोण बोलतं याची यादी साध्या युनिकोड मजकुरात लिहिली. हीच यादी २००३ मध्ये केली असती तर दोन तास लागले असते. आता तीन आठवडे गेले.

एक गोष्ट मात्र कुठल्याच साधनाने परत आली नाही. आजींची मूळ कॅसेट. तेव्हा कॅसेट महाग वाटायची, "सीडीत आलंय ना सगळं" म्हणून आम्ही तिच्यावर एका स्नेहसंमेलनाचं चित्रण केलं. तो निर्णय माझाच होता. आज ३२० बाय २४० मध्ये आजींच्या हातांची बोटं धूसर आहेत. पेटी किती रुंद, किती उंच, हे अंदाजाने कळतं. तिच्या कडेला बोट फिरवून त्या काहीतरी दाखवतात, बहुतेक कडी किंवा पट्टी, ते आता कळत नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. कपाटात २०१० च्या आधीची सीडी, लग्नाची असो की शाळेच्या शताब्दीची, पडून असेल तर या आठवड्यात तिची प्रत करा. कॅसेट असेल तर तिच्यावर पुन्हा काहीही भरू नका. आणि टिपण काढताना माणूस 'एवढं' म्हणाला, तर कंसात हातांचं माप लिहा.