उधारीच्या वहीतलं शेवटचं पान

‘तुम्ही बेकिंग कुठं शिकलात?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. विचारणारीच्या मनात एखादा क्लास असतो, डिप्लोमा असतो, निदान यूट्यूब तरी असतं. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये मी गेली तीसेक वर्षं राहते आणि त्यातली बरीचशी वर्षं स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर काढली आहेत. केक, खारी, नानकटाई, लादी पाव, सगळं करते. पण शिकले कुठं याचं खरं उत्तर सांगायचं, तर लालबागपासून सुरुवात करावी लागते. आणि तिथं गेलं की आधी आई येते, मग भट्टी.

माझी आई खानावळवाली. ही बाई गिरणगावात घरोघरी होती. सातारा, कोल्हापूर, कोकणातून गिरणीत कामाला आलेले पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एका खोलीत दहा-वीस जण मिळून राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला अशा एखाद्या मावशीकडे यायचे. आईकडे सतरा जण होते. पहाटे चार वाजता स्टोव्ह पेटायचा, तो रात्री दहाला विझायचा. महिन्याचा पगार झाला की हिशेब. तोवर वाण्याची उधारी आईच्या डोक्यावर. वाणी व्याज लावायचा, सावकार त्याच्याहून जास्त.

या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या या बाईंनी एक साधी गोष्ट ओळखली. खानावळवाली ही धंदा करणारी बाई आहे, तिला दया नको, भांडवल हवं. तारण ठेवायला यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून बायकांचे गट केले, एकीला दुसरी जामीन. बँकेनं कर्ज दिलं. आईनंही घेतलं. बँकेत जाताना ती लग्नातलं लुगडं नेसली होती म्हणे. पुढं २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा आईनं शेजारीपाजारी साखर वाटली होती.

आईचं शिक्षण चौथी. पण उधारीची वही अशी चोख, की बँकेच्या माणसानंही मान डोलवावी. एका पानावर एक माणूस. डावीकडे खाडे, उजवीकडे पैसे.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. आठवडा-पंधरा दिवसांत मिटेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. माझे बाबाही गिरणीतच. म्हणजे आमच्या घरात दोन्हीकडून पैसा थांबला. बाबांचा पगार बंद, आणि आईची गिऱ्हाइकं बिनपगारी. त्यातले काही जण फेब्रुवारीत गावी गेले, काही एप्रिलात. उरलेल्यांना आई वाढत राहिली. पोळ्या चाराच्या तीन झाल्या, भाजीच्या जागी आमटी आली. पण ताट बंद झालं नाही. वहीत मात्र रोजची नोंद होत राहिली.

संपाविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्या संपात खानावळवालीचं काय झालं, हे त्या मानानं कमीच सांगितलं जातं. तिला ना पगार ना युनियन. तिचा हप्ता थकला तर बँक तिच्या दारात येण्याआधी जामीन राहिलेल्या शेजारणीच्या दारात येणार. आईला झोप लागायची नाही ती याच विचारानं. पाटल्या गहाण पडल्या. दिवाळी तोंडावर आली तेव्हा दोन हप्ते राहिले होते.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या चाळिशीपुढच्या कित्येकींना आठवत असेल, तेव्हा दिवाळीची नानकटाई घरी भाजली जायचीच नाही. ओव्हन कुणाकडे होता? तूप, पिठीसाखर, मैदा, थोडा रवा-बेसन, वेलची असं सामान डब्यात घालायचं आणि बेकरीत न्यायचं. तिथं रांग. आपल्या हातानं गोळे वळायचे, पत्र्याच्या ट्रेवर मांडायचे, ट्रेला नावाची चिठ्ठी लावायची आणि भाजून मिळेपर्यंत बसून राहायचं. दोन-तीन तास सहज जायचे. संपाच्या वर्षी चाळीतल्या बायकांना तेवढा वेळ नव्हता. कुणी घरकामं धरली होती, कुणी विड्या वळत होती. फराळ थोडा का होईना, पोरांसाठी करायचाच होता. मी नववीत होते. मी म्हटलं, ‘द्या मला डबे, मी भाजून आणते. ट्रेमागं चार आणे.’

आईला आधी आवडलं नाही. पोरीनं बेकरीत, पुरुषांच्यात बसायचं? पण मग तीच म्हणाली, ‘जा. दाराशी बस, आणि नजर ट्रेवर ठेव.’

त्या पंधरा दिवसांत मी जे शिकले, त्यावर आज माझं घर चालतंय. भट्टीवर एक म्हातारे चाचा होते, उत्तर प्रदेशातले. पहिले दोन दिवस माझ्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या दिवशी एका काकूंचं तूप पातळ होतं, गोळे बसत होते, तर म्हणाले, ‘बेटी, मैदा मत डाल. पहले ठंडा होने दे.’ खरंच, परात थोडा वेळ ओल्या फडक्यावर ठेवली आणि पीठ आवळून आलं. मग त्यांनी सांगितलं की तूप आणि साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेसायची, कारण त्यात जी हवा कोंडली जाते तीच नानकटाईला खुसखुशीत करते. मैदा पडल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट होते. पावाचं अगदी उलट. तिथं जितकं मळाल तितका तो फुगेल.

भट्टीला थर्मामीटर नव्हता. चाचा चिमूटभर मैदा आतल्या लादीवर टाकायचे आणि मनात आकडे मोजायचे. मैदा लगेच करपला तर भट्टी पावाची. सावकाश बदामी झाला तर नानकटाईची. म्हणून तर नानकटाई दुपारी लागायची, पहाटेचे पाव निघून भट्टी जरा शांत झाल्यावर. धुमसती भट्टी निवेपर्यंत थांबायचं, हे मी तिथं शिकले. पुढं संसारातही ते पुष्कळ उपयोगी पडलं म्हणा!

दिवाळीपर्यंत माझ्याकडे एक्केचाळीस रुपये जमले. माझ्या आयुष्यातली पहिली कमाई. मला परकरासाठी फुलाफुलांचं कापड घ्यायचं होतं, मनात रंगसुद्धा ठरला होता. आईनं पैसे मोजून घेतले, हप्त्यात घातले. पण त्याआधी तिनं उधारीची वही काढली, अगदी शेवटचं पान उघडलं, वर माझं नाव लिहिलं आणि खाली ‘घेतले रु. ४१’. मी म्हटलं, ‘अगं, मी घरातलीच ना?’ तर म्हणाली, ‘घरातली आहेस म्हणून काय झालं? कष्ट तुझे आहेत.’

खरं सांगते, तेव्हा मला त्या वाक्याचं काही वाटलं नव्हतं. कापड गेलं याचंच दुःख होतं.

लग्न होऊन मी भाईंदरला आले. १९९४ मध्ये आम्ही जेसल पार्कमध्ये जागा घेतली. मुंबईत परवडत नाही म्हणून आलेली आमच्यासारखी कितीतरी कुटुंबं. पुढं खाडी, आजूबाजूला मिठागरं, नळाला पाणी कमी आणि टँकरची वाट पाहणं जास्त. १९८५ पासून इथं नगरपरिषद होती, महापालिका व्हायला २००२ उजाडलं. माझा पहिला केक झाला तो कुकरमध्ये. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला जाड मिठाचा थर द्यायचा, त्यावर केकचं भांडं. भाईंदरमध्ये राहून मिठाला काय तोटा! मिठामुळं आच सगळीकडून सारखी लागते, तळ करपत नाही. आमच्या सासूबाई लांबून बघत होत्या. ‘त्या मिठाचं नंतर काय करणार?’ एवढंच विचारलं. तेच मीठ बरणीत भरून ठेवलं, पुढच्या केकसाठी.

आमच्या इमारतीत गुजराती, मारवाडी, जैन घरं बरीच. त्यांना अंडं चालत नाही. माझ्या दारात पहिली ऑर्डर आली तीच ‘बिना अंडेवाली’. दह्यातला आंबटपणा आणि खायचा सोडा एकत्र आले की बुडबुडे सुटतात, तेच अंड्याचं काम करतात. हे गणित जमलं आणि गिऱ्हाईक वाढलं. त्याच इमारतीतल्या ख्रिस्ती काकूंनी नाताळात मला मनुका-बेदाणे भिजवून ठेवायला शिकवले. पाव हा शब्दच मुळात पोर्तुगीजांचा, हे मला त्यांनीच सांगितलं. आमच्या लालबागच्या भट्टीतल्या पावालाही असं सातासमुद्रापारचं गोत्र आहे म्हणायचं.

आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तो कुकर बघून काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याला बरोबर घेऊन बाजारात गेली आणि झाकणाला काच असलेला गोल इलेक्ट्रिक ओव्हन घेऊन आली. मी म्हटलं, ‘आई, कशाला एवढे पैसे घातलेस?’ तिनं पिशवीतून ती वही काढली. शेवटचं पान. ‘घेतले रु. ४१’च्या खाली तिनं लिहिलं, ‘परत केले’. वर म्हणाली, ‘बाकीचं व्याज समज.’

२००१ मध्ये आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली. बाबांची गिरणी मी पाहिली होती, त्यामुळे हातपाय गळाले नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल, पण काय करायचं ते ठाऊक होतं. त्या गोल ओव्हनवर आमचं घर दोन वर्षं चाललं. हे सकाळी खोकी घेऊन दुकानांत पोचवायचे. पावसाळ्यात खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत बिस्किटं तासाभरात सादळायची आणि पावाचं पीठ मात्र दुप्पट वेगानं फुगायचं. म्हणून जून ते सप्टेंबर पाव आणि केक जास्त, बिस्किटं हवाबंद डब्यातच, हे वेळापत्रक तेव्हा बसलं. ते आजही तसंच आहे.

सगळ्यात अवघड गेली ती किंमत सांगणं. नात्यातल्या कुणाचा वाढदिवस असला की ‘तू करतेसच ना, एक केक कर की!’ हे ठरलेलं. पैशांचं नाव काढलं की चेहरे बदलायचे. ‘घरचंच तर आहे, त्याचे कसले पैसे?’ दुकानातल्या केकचे पैसे मुकाट देणारी माणसं घरच्या केकला मात्र हिशेब विचारतात. अशा वेळी आईचं ते वाक्य मला वाचवायचं. घरातलं असलं तरी कष्ट माझे आहेत. आता मी भेट द्यायची तेव्हा भेट देते, मनापासून देते. आणि विकायचं तेव्हा विकते. दोन्हीची खिचडी करत नाही.

आई २०१३ मध्ये गेली. वही माझ्याकडे आली. संपातल्या कितीतरी पानांवर रकमा तशाच आहेत. काही जणांनी मात्र वर्षांनंतर येऊन पैसे दिले होते. एकानं १९९० मध्ये साताऱ्याहून येऊन, गुळाच्या ढेपेसकट! आईनं त्या पानांवर काट मारली आहे. न आलेल्यांच्या पानांवर ना शिवी ना शेरा. नुसता आकडा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मला ती पानं आठवली. पाव मिळेना, यीस्ट मिळेना. माझ्याकडे थोडं होतं. जुनं पीठ विरजणासारखं राखून पुरवत मी रोज लादी पाव करू लागले. आजूबाजूला रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायकांची घरं होती. त्यांची कमाई एका दिवसात थांबलेली. फुकट घ्या म्हटलं तर एक-दोघी आल्याच नाहीत. मग मी नवी वही घातली. एका पानावर एक घर. ‘नंतर द्या, लिहून ठेवते,’ म्हटल्यावर सगळ्या आल्या. आई संपात वहीत का लिहीत राहिली, ते मला तेव्हा कळलं. वसूल होणार नाही हे तिलाही दिसत होतंच. पण उधार घेणाऱ्याची मान ताठ राहते. तो भिकेवर जेवत नाही, हिशेबानं जेवतो.

आज छोट्या गावांतल्या मुलीही घरी केक करू लागल्या आहेत. मला फोन करून रेसिपी विचारतात. मी रेसिपी देते, आणि बरोबर चार गोष्टी सांगते. सामान, गॅस-वीज आणि खोक्याबरोबर आपल्या वेळेचेही पैसे लावा. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा घरगुती व्यवसायालाही लागू आहे, तेव्हा नोंदणी करून घ्या. बँकेत खातं स्वतःच्या नावाचं काढा. आणि चौथी गोष्ट त्यांच्या आयांसाठी. पोरीनं पहिली कमाई आणून हातात ठेवली तर अडचणीला ती खुशाल वापरा, घर सगळ्यांचंच असतं. पण वापरण्याआधी कुठंतरी तिच्या नावानं लिहून ठेवा. एवढंसं पान पुरतं.