उमेदवार राहतो कुठे?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सिंधुदुर्गात चहाच्या टपरीपासून देवळाच्या पारापर्यंत एक चौकशी सुरू होते. ‘हा उभा राहिलाय खरा, पण हा इथला आहे का? इथं राहतो का?’ मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रावर खुर्ची धरून बसलो. वर्गातली मुलंही हेच विचारायची, ‘सर, आमदार आपल्या तालुक्यातच राहायला नको का?’ तेव्हा मी पुस्तकातलं उत्तर देऊन मोकळा होत असे. आज जरा सवडीने बोलू.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. लोकसभेची निवडणूक लढवायला वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि देशातल्या कुठल्याही एका मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. राखीव जागांना आणि लक्षद्वीप, सिक्कीमसारख्या काही मोजक्या जागांना वेगळे नियम आहेत, ते सोडले तर काश्मीरचा मतदार कन्याकुमारीत उभा राहू शकतो. विधानसभेला त्या राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार चालतो. म्हणजे नंदुरबारचा मतदार कुडाळात अर्ज भरू शकतो. जिल्हा परिषदेला नाव जिल्ह्याच्या यादीत हवं आणि ग्रामपंचायतीला गावाच्या. सभागृह जितकं लहान तितकं हे वर्तुळ आवळत जातं, एवढं ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

राज्यसभेची गोष्ट जरा गमतीची आहे. पूर्वी ज्या राज्यातून निवडून जायचं त्या राज्याचा मतदार असावं लागे. डॉ. मनमोहन सिंग १९९१ साली आसाममधून राज्यसभेवर गेले आणि २०१९ पर्यंत त्या राज्याचे सदस्य राहिले. त्यासाठी गुवाहाटीतल्या एका भाड्याच्या घराचा पत्ता त्यांच्या नावावर होता. असे पत्ते इतरही अनेकांचे होते. शेवटी २००३ मध्ये ती अटच काढून टाकली. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, पण २००६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. मला विचाराल तर राज्यांच्या सभेत राज्यातलाच माणूस असावा हे म्हणणं चुकीचं नव्हतं. पण खोटा पत्ता देऊन खरा प्रतिनिधी मिळत नाही, हेही खरं.

बाहेर काय चालतं? अमेरिकेच्या राज्यघटनेत खासदार त्या राज्याचा रहिवासी हवा एवढीच अट आहे, मतदारसंघाची नाही. तरी तिथल्या रिवाजाने बहुतेक उमेदवार मतदारसंघातलेच असतात. इंग्लंडात अशी अटच नाही. एडमंड बर्क १७७४ साली ब्रिस्टलमधून निवडून आले आणि लगेचच त्यांनी मतदारांना बजावलं की मी तुमचा सांगकाम्या नाही, माझ्या बुद्धीला पटेल तेच मी करीन. पुढे ते ब्रिस्टलला फारसे फिरकलेही नाहीत. १७८० साली पुन्हा निवडून येण्याची चिन्हं दिसेनात, तेव्हा त्यांनी माघार घेतली. बर्क यांचं म्हणणं थोर, आणि ब्रिस्टलच्या लोकांचा रागही रास्त!

आपल्याकडे तर परगावच्या माणसाला निवडून देण्याची परंपरा मोठी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ साली संविधान सभेवर गेले ते बंगालमधून. पुण्यात जन्मलेले मधू लिमये बिहारमधल्या मुंगेरमधून लोकसभेत गेले. नरसिंह राव यांना १९८४ मध्ये स्वतःच्या प्रदेशातल्या हनमकोंड्याने नाकारलं, पण आपल्या रामटेकने निवडून दिलं. जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये मुझफ्फरपूरमधून जिंकले तेव्हा ते तुरुंगात होते. प्रचारासाठी मतदारसंघात पाऊलही न टाकता ते निवडून आले.

मात्र ‘बाहेरचा’ हा शब्द दर वेळी पत्त्याबद्दलच असतो असं नाही. कृष्ण मेनन १९५७ आणि १९६२ साली उत्तर मुंबईतून निवडून आले होते. १९६७ मध्ये ते इथले नाहीत, मराठी नाहीत, अशी हाकाटी झाली. काँग्रेसने उमेदवारी नाकारली, मेनन अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून पडले. आता बर्वे मोठे कर्तबगार गृहस्थ, पण त्यांचं नाव जोडलेलं होतं पुण्याशी. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुणं उभं करताना त्यांनी केलेलं काम जुने पुणेकर अजून सांगतात. ईशान्य मुंबईत तेही तसे पाहुणेच. तिथे प्रश्न घर कुठे आहे हा नव्हता, भाषा कुठली हा होता.

आमच्या कोकणाचं उदाहरण मला जास्त जवळचं. मधू दंडवते जन्माने नगरचे, व्यवसायाने मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. राजापूर मतदारसंघाने त्यांना १९७१ पासून १९८९ पर्यंत पाच वेळा लोकसभेत पाठवलं. तो मतदारसंघ पुनर्रचनेत २००८ साली संपला. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं तेव्हा दंडवते अर्थमंत्री होते आणि मंगळूरचे फर्नांडिस रेल्वेमंत्री. १९९१ साली दंडवते पडले आणि १९९८ साली रोह्यापासून मंगळूरपर्यंत गाडी सलग धावली. पिढ्यान् पिढ्या बोटीने आणि एसटीने हाल काढलेल्या मुलखाला रेल्वे देणारा माणूस इथला राहणारा नव्हता, हे मी विसरू शकत नाही.

मग राहण्या न राहण्याला काही अर्थच नाही का? मीही बरीच वर्षं असंच मानत होतो. आमच्या गावातल्या एका साकवाने माझा समज उतरवला.

काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रामपंचायतीत एक चाकरमानी सरपंच झाले. शिकलेले, बोलायला गोड, मुंबईत मोठ्या ओळखी. मत मीही त्यांनाच दिलं, इतकंच नाही, चार घरी जाऊन ‘शहाणा माणूस आहे’ असं सांगितलंसुद्धा. त्याच पावसात व्हाळावरचा साकव वाहून गेला. पलीकडच्या वाडीतली मुलं त्यावरून शाळेत येत. पंचायतीत गेलं की एकच संवाद ऐकू यायचा. ‘सरपंच खंय गेले?’ ‘मुंबयक.’ उपसरपंच होते, पण ते फोनवर विचारल्याशिवाय कशावर सही करीत नसत, आणि फोन लागत नसे. लोकांनी पोफळीचे दोन सोट टाकून वाट केली. त्यावरून चौथीतली एक मुलगी घसरली आणि तिचा हात मोडला. गणपतीला सरपंच आले, हळहळले, मासिक सभा झाली, ठराव झाला. तोवर पाऊस सरत आला होता.

तेव्हा मी कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि वर्गात कधीच न सांगितलेली एक गोष्ट हाती लागली. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे एखादा सदस्य पंचायतीची रजा न घेता सलग चार महिन्यांहून जास्त गावाबाहेर राहिला तर त्याचं सदस्यत्व जातं. आता राज्यघटना पाहा. खासदार किंवा आमदार परवानगीशिवाय सभागृहाच्या बैठकांना ६० दिवस गैरहजर राहिला तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. पण तो मतदारसंघात किती दिवस होता, हे घटना विचारत नाही. पंचाला कायदा विचारतो, गावात होतास का? खासदाराला विचारतो, दिल्लीत होतास का? काम वेगळं म्हणून हजेरीची जागाही वेगळी. (आमचे सरपंच गणपती, जत्रा, शिमगा आणि मे महिना धरून येत. चार महिने त्यांनी कधी भरूच दिले नाहीत.)

आमदाराचं मात्र अवघड आहे. कायदे करायला मुंबई-नागपूरला जायचं आणि ट्रान्सफॉर्मर जळला, रुग्णालयात खाट मिळेना, की लोकांचा फोन त्यालाच. खासदारांनाही १९९३ पासून स्थानिक विकास निधी मिळतो, तो आता वर्षाला ५ कोटी आहे. त्यामुळे सभामंडप आणि गटारंही त्यांच्याच खात्यात जमा झाली. पंचायतीचं काम वर गेलं म्हणून वरच्या माणसाने खाली राहावं, असं आपण म्हणतो. त्यांच्यासाठी मतदारसंघातल्या रहिवासाची सक्ती करावी या मताचा मी नाही. ती केली तर गुवाहाटीसारखे भाडेकरार गावोगाव होतील. त्यापेक्षा महिन्यातले कोणते दिवस, कुठल्या कचेरीत, किती वाजता भेटाल, हे प्रचारातच वदवून घ्यावं. सरपंचाची गोष्ट मात्र निराळी. त्याला पावसाळ्यात गावात मुक्काम हवाच.

हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवली तर ते बरं दिसणार नाही. माझा मुलगा डोंबिवलीत राहतो, नोकरी तिथे, मुलांची शाळा तिथे. पण नाव आमच्या गावच्या यादीत. नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला ‘सामान्य रहिवासी’ ठरत नाही, असं कायद्यात स्वच्छ लिहिलंय. तरी त्या निवडणुकीला मुंबईहून एक गाडी आली. ती कोणी केली ते विचारू नका. तिच्यात तोही होता. त्या सरपंचांचं पॅनेल आलं ते अशा गाड्यांच्या जोरावर. गावात न राहणारा सरपंच गावात न राहणाऱ्यांनी निवडून दिला, आणि गाडीतून उतरलेल्यांना घरी जेवायला मीच वाढलं.

पुढे मी मुलाला म्हटलं, नाव डोंबिवलीला हलव. तो म्हणाला, ‘बाबा, यादीतलं नाव काढलं तर गावाशी माझं राहिलं काय?’ सातबारा आहे, गणपती आहे, असं काहीतरी मी पुटपुटलो. दोन वर्षं तो अर्ज टेबलावर पडून होता. शेवटी त्याने भरला.

नंतरच्या पंचायत निवडणुकीत तो आला नाही. हात मोडलेल्या त्या मुलीची आजी मात्र मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला अंगणातच अडवून विचारायची, ‘पावसात खंय रवतलस?’ तिघांपैकी दोघांनी ‘हयच’ म्हणून सांगितलं. तिसऱ्याने कुडाळात दुकान आहे, दिवसा तिथे असतो, रात्री मुक्कामाला गावात, असं खरं ते सांगितलं. आजीने मत कुणाला दिलं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.