बिनतिकिटाची मुंबई

बुधवाऱ्यातून सहकुटुंब मुंबईस जावयाचे म्हणजे गाडीभाड्यातच आमची शिल्लक आटते. परंतु एकदा त्या राजधानीत पोहोचल्यावर पाहण्यासारखे पुष्कळसे बिनपैशाचेच आहे. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो आणि पोळीभाजीचा डबा घेऊन पायीच निघालो. 1924 साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया, मग मरीन ड्राइव्ह, पुढे गिरगाव चौपाटी. कोठेही तिकीट नाही. 1920 साली लोकमान्यांवर याच वाळूत अंत्यसंस्कार झाले. तेथील पुतळ्यापाशी आम्ही घटकाभर थांबलो. भेळेचे पैसे मात्र मोजावे लागले!

हिंदी शाळेत शिकणारी आमची धाकटी कन्या वाटेतील प्रत्येक मराठी पाटी मोठ्याने वाचीत होती. 'ळ' आला की अडखळे. परतताना हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण वेचणाऱ्यांचे स्मारक पाहून तिने विचारले, "बाबा, मग आपले बुऱ्हाणपूर महाराष्ट्रात का नाही आले?"

फारुकींच्या काळी खानदेशची राजधानी असलेले आमचे गाव! इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतरही उत्तर जुळेना. आम्ही डबा उघडून उरलेली पोळी तिच्या हाती दिली.